रूळ आले आणि खेळ बदलला

१८९१ साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत जर्मनीतील ग्योपिंगेन गावच्या मेर्कलिन बंधूंनी चावीची आगगाडी मांडली. गाडीहून महत्त्वाचे होते तिचे रूळ: इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वळलेले आणि ठरावीक रुंदीचे.

खेळण्यातली इंजिने त्याआधीही होती. ब्रिटनमध्ये पितळेची, खऱ्या वाफेवर चालणारी छोटी इंजिने मिळत. ती रुळांविना फरशीवरून धावत आणि मागे पाण्याची रेघ सोडीत, म्हणून त्यांना 'ड्रिबलर', म्हणजे गळकी, हे नाव पडले. उकळते पाणी आणि पेटता दिवा असलेल्या या खेळात लहान मुलाच्या वाट्याला बहुधा पाहणेच येई.

मेर्कलिन घराण्याचा मूळ धंदा बाहुलीघराच्या सामानाचा. बाहुलीघराची खरेदी एकदाच होऊन संपत नाही, त्यात वर्षानुवर्षे भर पडते. तोच हिशेब त्यांनी आगगाडीला लावला. हेतू निखळ व्यापाराचा होता, पण मुलांच्या हाती भलतेच काही लागले. वर्तुळ मिटवायला किती वाकडे तुकडे लागतात, एका बाजूला सरळ तुकडा घातला की समोरही का घालावा लागतो, वेग वाढला की वळणावर डबे का उलटतात, हे मूल कोणतीही व्याख्या न ऐकता शिकू लागले. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० साली काढलेल्या गाड्या तर नट-बोल्ट खोलून पुन्हा उभारता येत. मात्र ही खेळणी महाग होती, आणि जाहिरातींत बोलावणे असे ते मुलग्यांना. घरातल्या मुलीने काय शिकावे, हेही त्या चित्रांनी परस्पर ठरवून टाकले.

तीन वर्षांच्या मुलाच्या हाती गाडी दिली ती लाकडाने. स्वीडनच्या ब्रिओ कंपनीची लाकडी रेल्वे १९५० च्या दशकाच्या अखेरीस आली. तिला ना चावी, ना वीज. वरकरणी ही माघारच, पण त्यामुळे इंजिनाची जागा मुलाच्या हाताने घेतली. पुलाच्या चढावर जोर लावावा लागतो, उतारावर गाडी आवरावी लागते, हे थेट मनगटाला कळते. सांधे थोडे सैल असल्याने मोजणी जराशी चुकली तरी मार्ग जुळतो. पुढे डब्यांना लोहचुंबक आले. समान ध्रुव समोर आले की डबा दूर सरकतो, आणि मूल तो फिरवून पाहते.

सर्वांत अवघड धडा मात्र दोन मुले आणि एकच रूळ असला की सुरू होतो. गाड्या समोरासमोर आल्या, तर मागे कोणी जायचे? १८७४ साली इंग्लंडमध्ये नॉर्विचजवळ थॉर्प येथे एकेरी मार्गावर दोन गाड्या अशाच समोरासमोर आदळल्या आणि अनेक माणसे दगावली. त्यानंतर एडवर्ड टायर यांनी टॅब्लेट पद्धत आणली: त्या टप्प्याची चकती ज्या चालकाच्या हाती, त्याचीच गाडी पुढे जाणार. बालवाडीच्या सतरंजीवर चकतीचे काम एखादा लाल ठोकळाही करतो. फक्त तो आधी कोणाकडे, यावर दोघांचे एकमत व्हावे लागते.