शाळेच्या कारभारात पालकांना काय अधिकार असतात? शाळा व्यवस्थापन समिती नेमकं काय करते?

पालकसभेचा निरोप येतो. आई किंवा बाबा अर्ध्या दिवसाचा खाडा करून शाळेत जातात. रजिस्टर पुढे येतं, सही होते, चहा होतो आणि सभा संपते. घरी कुणी विचारलं, "काय ठरलं?" तर उत्तर असतं, "सही करून आले."

सही नेमकी कशावर केली, हे बऱ्याचदा सही करणाऱ्यालाच माहीत नसतं. पण ती सही शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तावर असेल, तर तिच्या जोरावर शाळेचा खर्च मंजूर झालेला असू शकतो, किंवा पुढच्या तीन वर्षांचा आराखडा वर पाठवला जाऊ शकतो.

ही समिती कुणाची असते, तिच्यात कुणाला बसता येतं आणि शाळेत सुधारणा हवी असेल तर पालकांनी सुरुवात कुठून करायची, हे समजून घेऊ. उदाहरणासाठी भिवंडी तालुक्यातलं पूर्णा गाव डोळ्यांसमोर ठेवू.

पूर्णाच का?

कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ हा ठाणे-भिवंडी रस्त्यालगतचा पट्टा आता गोडाऊनसाठी ओळखला जातो. बाजूलाच यंत्रमागांचं भिवंडी शहर आहे. शहराचा कारभार महापालिकेकडे, तर पूर्णासारख्या गावांचा ग्रामपंचायतीकडे आहे. गावातली सरकारी शाळा म्हणजे ठाणे जिल्हा परिषदेची शाळा.

अशा पट्ट्यात माल चढवणं-उतरवणं, पॅकिंग, गाडी चालवणं या कामांसाठी बाहेरून कुटुंबं येतात आणि भाड्याच्या खोलीत राहतात. त्यांची मुलं आणि गावातल्या जुन्या घरांतली मुलं एकाच वर्गात बसतात. पण पालकांचं तसं नसतं. शाळेचा विषय निघाला की भाडेकरू पालक मागे राहतात. "आपण इथले नाही, आपलं कोण ऐकणार?" असं त्यांना वाटतं.

कायदा मात्र असा फरक करत नाही.

शाळा व्यवस्थापन समिती म्हणजे काय?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार कायदा, म्हणजेच आरटीई, २००९ मध्ये मंजूर झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आरटीई म्हटलं की आपल्याला खासगी शाळांमधले २५ टक्के प्रवेश आठवतात. पण याच कायद्याच्या कलम २१ नुसार सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांमध्ये शाळा व्यवस्थापन समिती असणं बंधनकारक आहे.

त्याआधी महाराष्ट्रात गावपातळीवर ग्राम शिक्षण समिती असायची. आता शाळेची स्वतःची समिती असते आणि तिच्यात बहुमत पालकांचं असतं.

समितीत कोण असतं?

- किमान ७५ टक्के सदस्य शाळेतल्या मुलांचे आई-वडील किंवा पालक असतात. त्यांची निवड पालकसभेत होते.
- एकूण सदस्यांपैकी ५० टक्के महिला असाव्या लागतात.
- वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात.
- उरलेल्या जागांवर स्थानिक स्वराज्य संस्थेचा एक निवडून आलेला सदस्य, एक शिक्षक आणि एक स्थानिक शिक्षणतज्ज्ञ असतो. गावात हा निवडून आलेला सदस्य सहसा ग्रामपंचायतीचा असतो.
- अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालकांमधूनच निवडले जातात. मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतात.

समितीची मुदत दोन वर्षांची असते आणि महिन्यातून किमान एक बैठक व्हायला हवी.

यात मुख्याध्यापक अध्यक्ष नसतात आणि सरपंचही नसतात. तरी "सरांनी सांगितलं म्हणून" किंवा "सरपंचांनी नाव सुचवलं म्हणून" समित्या ठरतात, कारण पालकसभेला पालकच कमी येतात.

गावात मतदान नसेल, तर समितीत बसता येतं का?

येतं. ग्रामसभेत मत मांडायला आणि ठराव करायला गावच्या मतदार यादीत नाव लागतं. शाळा व्यवस्थापन समितीसाठी मात्र तुमचं मूल त्या शाळेत शिकत असणं पुरेसं आहे. घर स्वतःचं आहे की भाड्याचं, मूळ गाव जळगाव आहे की जौनपूर, तुम्हाला लिहिता-वाचता येतं की नाही, यावर सदस्यत्व अवलंबून नाही.

पूर्णासारख्या गावात हे फार महत्त्वाचं आहे. गोडाऊनमध्ये काम करणाऱ्या आईला ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मत देता येत नसेल, तरी तिच्या मुलाच्या शाळेचा निधी कशावर खर्च व्हावा, हे ठरवणाऱ्या बैठकीत तिला बसता येतं. गावच्या कारभारात हक्काने बोलण्याची ही तिला मिळणारी बहुधा पहिलीच जागा असते.

समितीचं काम काय?

कायद्यात मुख्य कामं तीन आहेत. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणं, शाळा विकास आराखडा तयार करणं आणि शाळेला मिळालेला निधी कसा खर्च होतो यावर लक्ष ठेवणं.

देखरेख म्हणजे शिक्षकांवर डाफरणं नव्हे. कायद्याने घालून दिलेल्या गोष्टी शाळेत आहेत का, हे पाहणं. त्यातल्या काही अशा:

- पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन, ६१ ते ९० ला तीन आणि ९१ ते १२० ला चार शिक्षक.
- मुलं आणि मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं सुरक्षित पाणी, कुंपण आणि खेळायला जागा.
- पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा.
- जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण सोडून शिक्षकांना इतर अशैक्षणिक काम नको.
- मुलांना मारहाण आणि मानसिक त्रास यांना पूर्ण बंदी.

शालेय पोषण आहारावरही समितीचं लक्ष असायला हवं. केंद्राच्या निकषानुसार एका जेवणातून पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. कॅलरी मोजणं पालकांना जमणार नाही. पण जेवणाच्या वेळी शाळेत जाऊन ताटात काय पडतं ते पाहणं आणि चव घेणं नक्कीच जमेल.

शाळा विकास आराखडा का महत्त्वाचा?

हा तीन वर्षांचा आराखडा असतो. त्यात प्रत्येक वर्षाची वेगळी योजना असते. पुढच्या वर्षांत मुलं किती वाढतील, शिक्षक किती लागतील, वर्गखोल्या आणि इतर सुविधा काय हव्यात, पैसे किती लागतील, हे त्यात लिहायचं असतं. अध्यक्ष आणि सचिवांच्या सहीने तो स्थानिक प्राधिकरणाकडे जातो.

गोडाऊनच्या पट्ट्यात पहिलाच मुद्दा कळीचा ठरतो. नवीन गोडाऊन सुरू झालं, चाळी वाढल्या की शाळेचा पट वाढू शकतो. कोणत्या वस्तीत नवीन कुटुंबं आली आहेत, हे पंचायत समितीच्या कार्यालयात बसून कळत नाही. तिथे राहणाऱ्या पालकांना ते आधी कळतं. त्यांनी सांगितलं नाही, तर मागच्या वर्षीचाच आकडा पुढे ढकलला जातो आणि जूनमध्ये एका बाकावर चार मुलं बसतात.

पैसे कुठून येतात?

समग्र शिक्षा योजनेतून शाळांना पटानुसार संयुक्त शाळा अनुदान मिळतं. पट १०१ ते २५० असेल तर हे अनुदान वर्षाला ५० हजार रुपयांपर्यंत असतं. त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेसाठी वापरायचा असतो. खडूपासून छोट्या दुरुस्तीपर्यंतचा खर्च यातूनच भागवायचा असल्याने रक्कम फार मोठी नाही. म्हणूनच आधी काय करायचं, हे बैठकीत ठरायला हवं.

दुसरा मार्ग ग्रामपंचायतीचा. 'आमचं गाव, आमचा विकास' उपक्रमात ग्रामपंचायत दरवर्षी गावाचा विकास आराखडा करते. शाळेची भिंत, पाण्याची टाकी, शाळेपर्यंतचा रस्ता, रस्त्यावरचा दिवा ही कामं त्यात सुचवता येतात. अवजड गाड्यांच्या रस्त्याने मुलं शाळेत जात असतील, तर गतिरोधक आणि पादचारी पट्ट्याची मागणीही याच मार्गाने पुढे नेता येते.

इथे समितीतला ग्रामपंचायत सदस्य उपयोगी पडतो. भाडेकरू पालकाला ग्रामसभेत ठराव मांडता येत नाही. पण समितीच्या बैठकीत मुद्दा लिहून घेतला, तर तो ग्रामसभेत नेण्याची विनंती या सदस्याला करता येते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे ग्रामसभेचे ठरलेले दिवस. त्याआधीच्या महिन्यात समितीची बैठक झाली, तर मागणी वेळेत पोहोचते.

शेजारचं मूल शाळेत जात नसेल तर?

स्थलांतर हा भिवंडीचा जुना प्रश्न आहे. यंत्रमाग आणि गोडाऊनच्या बरोबरीने तालुक्यात वीटभट्ट्याही आहेत. हंगामात तिथे कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबं मुलांसह येतात. १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने जुन्या ठाणे जिल्ह्यात वीटभट्टीवरच्या मुलांसाठी 'भोंगाशाळा' सुरू केल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची झोपडी. मुलं शाळेपर्यंत येत नव्हती, म्हणून शाळाच भट्टीवर गेली.

आज कायदा या मुलांच्या बाजूने आहे. दाखला नाही किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळेत कधीच न गेलेल्या मुलालाही वयानुसार योग्य वर्गात बसवावं लागतं. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी महाराष्ट्रात शिक्षण हमी कार्डची सोयही आहे. वस्तीत असं मूल दिसलं, तर समितीच्या सदस्याने मुख्याध्यापकांना कळवणं ही मोठी मदत ठरते.

पालक एकत्र आले तर फरक पडतो का?

पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात जालिंदरनगर नावाची छोटी वस्ती आहे. पट घसरल्यामुळे तिथली जिल्हा परिषदेची शाळा बंद पडण्याच्या वाटेवर होती. शिक्षक आणि गावकऱ्यांनी मिळून ती उभी केली. २०२५ मध्ये 'वर्ल्ड्स बेस्ट स्कूल' या आंतरराष्ट्रीय पुरस्काराच्या समाज-सहभाग गटात ती जगातल्या पहिल्या दहा शाळांमध्ये आली आणि लोकांच्या मतदानातून दिला जाणारा पुरस्कारही तिने जिंकला.

प्रत्येक शाळेला असे शिक्षक आणि असं गाव मिळेलच असं नाही. पण गावकऱ्यांनी शाळा आपली मानली नसती, तर एकट्या शिक्षकांना हे जमलं नसतं.

शाळेने ऐकलंच नाही तर?

आधी मुद्दा बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या. नंतर गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शहरातल्या महापालिका शाळेसाठी महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे जायचं. मुलांच्या हक्कांबाबत आरटीईच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे तक्रार केली, तर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तो पटला नाही, तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. खर्चाची माहिती हवी असेल, तर माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज आहेच. त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

मूल खासगी शाळेत असेल तर?

विनाअनुदानित खासगी शाळांना ही समिती लागू नाही. तिथे महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार पालक-शिक्षक संघ असतो. त्याच्या कार्यकारी समितीत पालक चिठ्ठ्या टाकून निवडले जातात आणि फीवाढीचा प्रस्ताव या समितीपुढे आणावा लागतो. अनुदानित शाळांमध्ये शाळा व्यवस्थापन समिती असते, पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर तिचं काम फक्त सल्ला देण्याचं आहे.

पुढच्या पालकसभेत काय विचाराल?

तीन प्रश्न पुरेसे आहेत. आपल्या शाळेच्या समितीत कोण कोण आहे आणि तिची मुदत कधी संपते? विकास आराखड्याची प्रत पाहायला मिळेल का? यंदा अनुदान किती आलं आणि कशावर खर्च झालं?

आणि रजिस्टर पुढे आलं, की आधी मजकूर वाचा. वाचता येत नसेल, तर सोबत मोठ्या मुलीला किंवा मुलाला न्या आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून घ्या. त्यात गैर काही नाही. बैठकीत जे ठरलं तेच लिहिलं असेल, तर मग सही करा.