चढणीवरचा दम

डोंगराच्या चढणीवर सायकलस्वाराने किती जोर लावावा, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नावरून फ्रान्समध्ये एके काळी कडाक्याचा वाद झाला. २१ जुलै १९१० रोजी 'टूर द फ्रान्स' शर्यत पिरेनीज पर्वतातील तूर्मालेच्या खिंडीवरून प्रथमच गेली. ल्यूशों ते बायोन हा टप्पा ३२६ किलोमीटरांचा, खिंडीची उंची २११५ मीटर, आणि रस्ता म्हणजे दगडगोट्यांची वाट. ऑक्ताव लापीझ माथ्यावर पहिला पोहोचला, पण काही अंतर सायकल ढकलत चालून. गुस्ताव गारिगू मागून आला, मात्र वाटेत एकदाही उतरला नाही. त्याबद्दल त्याला शंभर फ्रँकांचे बक्षीस मिळाले. ती शर्यत अखेर लापीझने जिंकली. चालणे हाही शक्तीचा हिशेबच होता, असे आम्हांस वाटते.

याला कारण यंत्र. सपाटीवर स्वाराला मुख्यत्वे वाऱ्याशी झुंजावे लागते, तर चढणीवर स्वतःच्या आणि सायकलच्या वजनाशी. एकाच दातेरी चक्रावर चढ चढताना पायांची गती मंदावते, प्रत्येक फेरीला अंगाचा सारा भार द्यावा लागतो, आणि मग दम राखू म्हटले तरी राखता येत नाही. शर्यतीचे संस्थापक आंरी देग्रांज यांना मात्र हेच मर्दपण वाटे. चक्र बदलण्याची सोय पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी आहे, असे त्यांचे मत. त्यामुळे व्यावसायिक स्वार पायथ्याशी उतरून मागचे चाक काढीत, ते उलटे बसवीत आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या चक्रावर साखळी चढवून पुढे जात.

विरुद्ध पक्ष सेंत-एतियेनच्या पॉल द विवी यांचा. १८५३ साली जन्मलेले हे गृहस्थ 'वेलोसिओ' या टोपणनावाने लिहीत आणि 'ल सिक्लिस्त' नियतकालिक चालवीत. गावाजवळच्या चढांवर त्यांनी नाना चक्रे वर्षानुवर्षे पारखली. त्यांची शिकवण आजही सायकलस्वार सांगतात : भुकेआधी खावे, तहानेआधी प्यावे, आणि मिरविण्यासाठी कधीही पायडल मारू नये. चढणीच्या दृष्टीने आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते ते आणखी एक सूत्र : पहिल्या तासांत अंगात बळ आहे असे वाटते, तेव्हाच स्वतःला आवरावे. पायथ्याशी उधळलेले बळ माथ्याजवळ परत मिळत नाही. आपल्या घरांतील वडीलधारी 'दमानं घे' म्हणतात, त्यात श्वास आणि धीर दोन्ही येतात. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढणाऱ्यालाही याहून वेगळे काय सांगणार?

१९३६ साली प्रकृती ढासळल्यामुळे देग्रांज यांनी शर्यतीची सूत्रे सोडली. पुढच्याच वर्षी चक्र बदलणारे यंत्र सर्व स्वारांना खुले झाले आणि त्या वर्षी रोजे लापेबी विजयी झाला. वेलोसिओ ते पाहू शकले नाहीत. १९३० मध्ये सेंत-एतियेनच्या रस्त्यावर सायकल हाती धरून चालत असताना ट्रामची धडक बसून त्यांचे निधन झाले होते.