ठिणगीभोवतीची माती

पिकअप ट्रकच्या एंजिनात, सिलिंडरच्या माथ्यावर घट्ट आवळलेल्या स्पार्क प्लगकडे पाहताना मनात प्रथम ठिणगी येते; परंतु त्याचे कुळ शोधू लागले असता ध्यानात येते, की ठिणगी पाडण्याची विद्या लवकर हस्तगत झाली, आणि ती वीज लोखंडी भिंतीतून सुखरूप आत नेणाऱ्या पांढऱ्या नळीसाठी मात्र सुमारे पाऊण शतक खर्ची पडले.

१८६० साली पॅरिसमध्ये एतिएन लेन्वार याने गॅस एंजिनाची सनद मिळविली, त्यातच पोर्सेलेनमध्ये, म्हणजे चिनी मातीत, बसविलेल्या तारेचा प्लग आला. त्या एंजिनात वायू पेटण्यापूर्वी दाबला जात नसल्याने पोर्सेलेनची परीक्षा सौम्य होती. पुढे दाब वाढला, दाबलेल्या वायूतून ठिणगी उडविण्यास विजेचाही जोर अधिक लागू लागला, आणि १९०२ साली स्टुटगार्ट येथे रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड याने उच्च विद्युतदाबाचा मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीसाठी वीज निर्माण करणारे यंत्र, सिद्ध केला, तेव्हा त्या जोराचा बंदोबस्त झाला. परंतु पोर्सेलेनला तडे जातच राहिले, आणि तडा गेला की वीज टोकाशी न पोहोचता मधेच लोखंडात उतरे.

फोर्डने १९२५ साली आपला पहिला कारखान्यात बांधलेला पिकअप २८१ डॉलर्सना विक्रीस काढला, त्या मॉडेल टीच्या चालकांत उकलता येणारे प्लग रूढ होते: नट सोडवावा, पोर्सेलेन बाहेर काढून काजळी पुसावी, पुन्हा बसवावे. प्लग बनविणाऱ्या चॅम्पियन कंपनीने कणखर मातीसाठी कॅलिफोर्नियातील व्हाइट पर्वतावर अँडॅल्युसाइट या खनिजाची खाण चालविली. आणि १९३० नंतर जर्मनीत सीमेन्सने भट्टीत घट्ट केलेले ॲल्युमिनियम ऑक्साइड वापरात आणले, तेच आजवर टिकून आहे. या कुळातला खरा कर्ता पुरुष मला कुंभारच वाटतो.

प्लगची निवडही या मातीच्याच मापावर ठरते. आतल्या टोकाशी मातीचे नाक लांब असेल तर उष्णता बाहेर पडण्यास वेळ लागतो व प्लग गरम राहतो. आखूड असेल तर तो लवकर निवतो. साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या खाली काजळी जळत नाही, आणि फार तापलेले नाक ठिणगीपूर्वीच इंधन पेटविते. म्हणून ओझे घेऊन घाट चढणाऱ्या गाडीला थंड जातीचा प्लग मानवतो, पण तोच गावातल्या गावात रेंगाळणाऱ्या गाडीत काळा पडतो आणि एंजिन मिसिंग करू लागते. जुना प्लग काढल्यावर नाकाचा रंग अवश्य पाहावा: फिकट तपकिरी असेल तर निवड योग्य, कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रण तरी इंधनाने जड किंवा प्लग तरी अति थंड, आणि पांढरे फटफटीत, फोड आलेले असेल तर एंजिन तापत असल्याची ती लेखी तक्रारच समजावी.

माती अभंग झाली, टोकाला प्लॅटिनम आले, आणि प्लग एक लाख मैल न काढण्याची मुभा मिळाली. त्या दीर्घ मुक्कामातूनच नवे संकट उद्भवले. २००४ पासूनच्या काही फोर्ड एफ-१५० पिकअपमधील ५.४ लिटर ट्रायटन एंजिनात प्लगचे खालचे लांब, पातळ आवरण कार्बनने माथ्याला चिकटे, आणि पाना फिरविताच ते तुटून आत राही. त्यावर फोर्डनेच सांगितलेली रीत अशी, की एंजिन थंड असताना प्लग अगदी किंचित सैल करावा, खोबणीत कार्ब्युरेटर साफ करण्याचा द्रव सोडून तो मुरू द्यावा, आणि मग पाना मागे-पुढे करीत, घाई न करता, प्लग बाहेर घ्यावा.