पाणी किती उभं आहे?

श्रावणातली सकाळ. सिंदखेडराजाच्या मोती तलावाच्या बांधावर तुम्ही उभे आहात. सॅकमध्ये फ्लुइड मेकॅनिक्सचं जाडजूड पुस्तक आणि परीक्षा तोंडावर. किल्ल्याच्या तटासारखी घडवलेली बांधाची दर्शनी बाजू न्याहाळत तुम्ही ओल्या दगडावर तळवा टेकवता, डोळे मिटता. उघडता तेव्हा रस्त्यावरच्या एसटीचा आवाज विरून गेलेला असतो.

हा लखुजीराव जाधवांचा अमल. 12 जानेवारी 1598 ला जन्मलेल्या जिजाऊ तिकडे वाड्यात परकर सावरत धावायच्या वयाच्या आहेत. इथे चुन्याच्या घाणीभोवती बैल फिरतोय, दगडी चाकाखाली चुना कुरकुरतोय. दगडांचे सांधे भरणाऱ्या गवंडीबाबांचे हात कोपरापर्यंत पांढरे झालेत.

तुम्हाला राहवत नाही. “बाबा, एवढं तळं या भिंतीवर रेललंय. उद्या पाणी मागे आणखी दुप्पट लांब पसरलं तर?”

बाबा थापी खाली ठेवतात. “पसरू दे की लेकरा. पाणी किती लांब गेलंय ते भिंतीला काय ठावं? किती उभं आहे, तेवढंच तिला कळतं.”

सायमन स्टेव्हिन यांनी 1586 मध्ये नेदरलँड्समध्ये छापलेल्या पुस्तकात हेच मांडलं होतं: दाब ठरतो खोलीवर, साठ्यावर नाही. वही काढा, ती सोबत आलीय. 5 मीटर खोलीवर दर चौरस मीटरला दाब सुमारे 5 टन, पृष्ठभागाशी शून्य. म्हणजे दाबाचा आलेख त्रिकोणी. भिंतीच्या दर मीटर लांबीवर एकूण रेटा साडेबारा टन, आणि तो लागतो तळापासून एक तृतीयांश उंचीवर. आता पाणी 10 मीटर उभं करा. रेटा 50 टन, चौपट झाला. भिंत उलथवू पाहणारा मोमेंट मात्र आठपट! उंची दुप्पट आणि धोका आठपट, म्हणून दगडी बांध पायाशी रुंद लागतो. बुलढाण्याजवळच्या येळगाव धरणाची, पाणी चढलं की आपोआप उघडणारी दारं पाहिली असतील, तर तिथेही हाच रेटा काम करतो. पाणी वाढतं तसा रेट्याचा बिंदू वर सरकतो. तो बिजागरीच्या वर गेला की दार कलतं.

पण आज मला तुम्हाला दाखवायचंय ते वेगळंच. बाबा दोन हात लांबीचा एक सरळ कळक घेतात. तळाची गाठ शाबूत, आतल्या बाकीच्या फोडलेल्या. अंगावर तीन भोकं: पाव उंचीवर, मध्यावर, पाऊण उंचीवर. तिन्हींत मेणाच्या गोळ्या. कळक जमिनीवर उभा करतात आणि पखाल्या पखालीचं तोंड सैल करून तो काठोकाठ भरलेला ठेवतो.

“कोणती धार लांब जाईल?”

तुम्ही बेधडक खालच्या भोकाकडे बोट दाखवता. शाळेच्या पुस्तकातलं चित्र डोळ्यांपुढे आहेच. कित्येक पिढ्या मुलांनी ते चित्र घोकलं आणि क्वचितच कुणी करून पाहिलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बाबा गोळ्या काढतात. खालची धार सपकन सुटते, पण तिला पडायला जागाच थोडी. लगेच मातीला टेकते. वरचीला पडायला भरपूर अवकाश, पण अंगात वेग नाही. दोघी एकाच जागी माती भिजवतात, पावणेदोन हातांवर. मधली त्यांना मागे टाकून जवळजवळ दोन हातांवर पडते.

खालच्या धारेचा वेग सर्वांत जास्त, हे खरंच आहे. वेग खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. हा नियम मांडणारे टॉरिसेली 1608 मध्ये जन्मतील, 1644 मध्ये तो छापतील. पण धार कुठे पडणार ते एकट्या वेगावर ठरत नाही. वेग गुणिले हवेत राहण्याचा वेळ, असा हिशेब आहे. खाली जावं तसा वेग वाढतो आणि वेळ घटतो. त्यांचा गुणाकार मध्यावर सर्वांत मोठा.

बाबा काही न बोलता तोच कळक दोन हात उंच ओट्यावर नेऊन ठेवतात. तीच भोकं, तेच पाणी. आता खालच्या धारेलाही पडायला जागा मिळाली. ती बाकीच्या दोघींना छेदून पुढे येते आणि थेट तुमच्या कॅनव्हासच्या बुटांवर आदळते.

एसटीचा हॉर्न वाजतो. बांधावर तुम्ही एकटेच आहात आणि बूट ओले आहेत. घरी जाताना हार्डवेअरच्या दुकानातून तीन फूट पीव्हीसी पाइप आणि एक बूच घ्या. पाइप आधी अंगणात उभा करा, मग तेवढ्याच उंचीच्या स्टुलावर.