थंड हवेचा हिशेब

महाबळेश्वर इंग्रजांना फुकट मिळाले नाही. १८२४ मध्ये लॉडविकसाहेब डोंगर चढून आला आणि १८२९ मध्ये गव्हर्नर माल्कमने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना खंडाळा गाव (हे वाईकडचे, लोणावळ्याजवळचे नव्हे!) देऊन ही थंड हवा घेतली. गावाच्या बदल्यात गाव, रोख पैसा नाही! पुणेकराला पटावा असाच व्यवहार.

आमचे वडीलही माल्कमच्याच वळणाचे. हॉटेल नको, स्वयंपाकघरासकट दोन खोल्या, आठवड्याच्या बोलीने. मग स्वारगेटहून एस.टी.च्या टपावर स्टोव्ह, तांदूळ, मेतकूट आणि लोणच्याची बरणी. साहेबलोकांबरोबर खानसामा असे. आमचा खानसामा म्हणजे आई.

आम्ही आर्थर सीटवरून सावित्रीचे खोरे बघायचो, तेव्हा ती खोलीवर स्टोव्हला पंप मारीत असे. पुण्याला परतल्यावर वडील अभिमानाने हिशेब मांडीत, "जेवणाचा खर्च शून्य!"

आता आम्ही भावंडं आईला पुन्हा महाबळेश्वरी न्यायचं म्हणतोय. खोल्यांची चौकशी चालली होती. तिनं एवढंच विचारलं, "स्वयंपाकघर नसलेली मिळेल ना रे?"