तिघांची मैफल

पियानो हे मोठे खानदानी वाद्य. पण रॉक संगीताच्या बैठकीत त्याची जरा पंचाईतच होते. गिटारवाला वाद्य गळ्यात अडकवून रंगमंचभर हिंडतो, पियानोवाल्याला मात्र श्रोत्यांकडे कूस करून एका जागी बसावे लागते. जेरी ली लुईस आणि लिटल रिचर्ड या अमेरिकनांनी तो अवजड पेटारा उभ्याने बडवून ही अडचण आपल्यापुरती सोडवली. त्यांच्या तबकड्या ऐकत लंडनच्या उपनगरात एक पोर वाढत होते. त्याचे घरचे नाव रेजिनाल्ड ड्वाइट. जग त्याला एल्टन जॉन म्हणते.

अकराव्या वर्षी त्याला लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकची शिष्यवृत्ती मिळाली. पुढे वयाची विशीही गाठली नव्हती तोच तो पबमध्ये वाजवू लागला. एकीकडे बाख, दुसरीकडे बियरचे पेले. या दोन शाळांपैकी पहिलीचीच ओळख लोकांना आधी झाली. बर्नी टॉपिनची गीते आणि पॉल बकमास्टरने रचलेला तंतुवाद्यांचा साज घेऊन १९७० साली निघालेली त्याची तबकडी हळवी, गंभीर होती. ती ऐकणाऱ्यांना वाटले, हा कोणी लाजाळू कवीच असावा.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो अमेरिकेत गेला तेव्हा वाद्यवृंद काही बरोबर नव्हता. बरोबर होते दोघेच : बास गिटारवर डी मरे आणि ड्रमवर नायजेल ओल्सन. मुख्य गिटारवाला नाहीच! हीच उणीव या मंडळींचे भांडवल ठरली.

१७ नोव्हेंबर १९७० रोजी न्यूयॉर्कच्या ए अँड आर ध्वनिमुद्रणगृहात शंभराच्या आसपास श्रोत्यांसमोर हे तिघे वाजवायला बसले. डब्ल्यू-ए-बी-सी या नभोवाणी केंद्रावरून तो कार्यक्रम तसाच्या तसा प्रक्षेपित होत होता. त्याची तबकडी काढायचा बेत मुळी नव्हताच. पण घरोघरी टेपरेकॉर्डर होते आणि चोरट्या तबकड्या विकणारे त्याहून हुशार! बाजारात चोरीचा माल फिरू लागला, तेव्हा १९७१च्या वसंतात अधिकृत तबकडी निघाली. इंग्लंडात तिचे नाव '१७-११-७०', अमेरिकेत '११-१७-७०'. महिना आधी लिहिण्याचा त्या देशाचा हट्टच आहे. धंद्याच्या दृष्टीने हे बरे झाले नाही. वर्षभराच्या आत अमेरिकन गिऱ्हाइकापुढे एल्टनच्या चार तबकड्या आल्या. ही तिथे ११व्या क्रमांकापर्यंत गेली, इंग्लंडात २०व्या.

पण कान देऊन ऐकावे. 'सिक्स्टी इयर्स ऑन'मधला सारा तंतुवाद्यांचा डोलारा इथे एकट्या पियानोने पेलला आहे. 'बर्न डाउन द मिशन' तर अठरा मिनिटांवर जाते, वाटेत एका जुन्या ब्लूज गीताला आणि बीटल्सच्या 'गेट बॅक'लाही भेटून येते. आणि मरे! पियानोच्या डाव्या हाताशी बासची टक्कर व्हायची भीती असते. हा गृहस्थ मात्र खर्जात दबून न बसता गिटारच्या रिकाम्या जागेत खुशाल शिरतो. साथीदाराने गवयाच्या पुढे पाऊल टाकू नये, हा आपल्याकडचा संकेत. मला तो मान्य आहे. तरी या रात्रीपुरता मी तो बाजूला ठेवतो. उलट गवईच इथे साथीदाराच्या चिथावणीने पेटलेला दिसतो.

१९७२ साली डेव्ही जॉन्स्टन हा गिटारवादक कायमचा सामील झाला, एल्टनचा पोशाख आणि कीर्ती दोन्ही झगमगू लागली, आणि तिघांचा तो उघडा, खरखरीत नाद मागे पडला. डी मरे १९९२ साली वारला.

मूळ तबकडीत सहाच गाणी बसली होती. गाळलेल्यांपैकी बरीच २०१७ साली बाहेर आली. त्यांत एल्टनचे पुढे सर्वांत लाडके ठरलेले 'युअर साँग'ही आहे. गाणे सुरेखच, पण १९७१ साली ते गाळणाऱ्याचा कान शाबूत होता, असे मला तरी वाटते. त्या रात्रीच्या वणव्यात ते फार शहाण्यासारखे वागते.