उत्सवाची वाट आणि गावाची बाग

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. मधोमध पळसाचे झाड रोवलेले, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. त्यानंतर लगेच गणपती बसतात आणि विसर्जनाला गाव पुन्हा पाण्याकडे निघते. नदी, बाजार, देऊळ आणि जत्रा हीच आपल्याकडची जुनी विरंगुळ्याची ठिकाणे.

बाग पाहायची तर नागपूर गाठायचे. महाराजबाग आणि तेलंखेडी या दोन्ही बागा भोसल्यांच्या काळातल्या. तेव्हा नागपूर आपल्याच प्रांताची राजधानी होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. नातीगोती, बोली आणि संत्र्याचा व्यापार यांना सीमा अडवू शकली नाही. राजधानीच्या बागा मात्र परराज्यातल्या झाल्या.

आता आपल्या भागाचे दिवस पालटत आहेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सौंसर तालुक्यातील जामसावळी येथे हनुमान लोकचे भूमिपूजन झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके मिळून नवा पांढुर्णा जिल्हा झाला. भाविक वाढतील, त्यांच्यामागून वाहनतळ, धर्मशाळा, दुकाने येतील. जिल्ह्याची कार्यालयेही जागा मागतील. अशा वेळी मोकळे मैदान सर्वांत आधी जाते, कारण ते रिकामे दिसते.

याच राज्यातल्या एका मराठी संस्थानाने शंभर वर्षांपूर्वी या प्रश्नाचा विचार केला होता. होळकरांच्या इंदुरात नगररचनेसाठी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानास बोलावण्यात आले. शहरात प्लेगची भीती होती. गेडिस गल्लीबोळ पायी हिंडले. लोकांची घरे सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्याच्या ते विरोधात होते. पडक्या जागा साफ करून तिथे लहान चौक आणि बागा कराव्यात, नदीकाठ स्वच्छ करून लोकांसाठी मोकळा ठेवावा, असे त्यांचे म्हणणे. १९१८ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला.

पण त्यांची खरी हुशारी दिवाळीच्या मिरवणुकीत दिसली. जो भाग अधिक स्वच्छ, त्या भागातून मिरवणूक जाईल, असे त्यांनी जाहीर केले. मग काय, घरोघरी झाडलोट आणि रंगरंगोटी सुरू झाली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर होता, तुळशीची रोपे वाटली गेली आणि शेवटी राक्षसाचे व उंदराचे दहन झाले. फर्मानाने जे झाले नसते, ते उत्सवाने करून दाखवले.

हा धडा आपल्या कामाचा आहे. गाव जिथे आपणहून जमते, तिथेच बाग टिकते. गावाबाहेर मिळेल त्या तुकड्यावर कारंजे आणि घसरगुंडी बसवली, तर उद्घाटनानंतर तिथे कुलूपच दिसायचे. जाम नदीचा काठ, आठवडी बाजाराचे मैदान आणि विसर्जनाची वाट या आपल्या तयार जागा आहेत. तिथे सावलीची झाडे, बसायला ओटे, पिण्याचे पाणी आणि रात्री दिवे असले, तरी अर्धे काम झाले.

थोडा हिशेबही करू. देशाच्या २०१४ च्या नगररचना मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवलेली आहे. २०११ च्या जनगणनेत पांढुर्ण्याची वस्ती ४५ हजारांच्या घरात होती. म्हणजे तेव्हाच्याच वस्तीला किमान ४५ हेक्टर, सुमारे ११० एकर जागा हवी. एवढी जमीन पुढे विकत घेणे कोणत्याही नगरपालिकेला झेपणार नाही. आज जी सार्वजनिक आहे, ती नकाशावर राखीव करणे एवढेच हातात आहे.

जामसावळीला आलेला भाविक दर्शन घेऊन संध्याकाळी परतेल. सौंसरचे पोर मात्र रोज खेळायला जागा शोधणार आणि पांढुर्ण्याचे आजोबा रोज फिरायला निघणार. पाहुण्यांसाठी आखताना घरच्यांचे अंगण विकले जाऊ नये.

म्हणून यंदा मंडळांनी एक काम करावे. आपापल्या वॉर्डातील मोकळ्या जागांची यादी करून ती नगरपालिकेत लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. इंदुरात उत्सवाने रस्ते झाडले. आपल्या गणेशोत्सवाने निदान मैदाने राखावीत.

गणपती बाप्पा मोरया!